धाकट्याच्या वतीने चार शब्द

तीर्थस्वरूप अक्कास,

मधल्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरचाच समज. खरा घातला तर उचलायला दोन माणसं बोलवावी लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? भाऊजींचा खोकला ऐकून मागच्या खेपेला मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी स्पष्ट ऐकू येत होता. त्यांना म्हणावं औषध घ्या, निदान फोन तरी दुसऱ्या खोलीत ठेवा. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्राला कारण एक फुकटचा चहा. सभेच्या निमंत्रणात ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘प्रवेश विनामूल्य, चहापानाची सोय’. फुकट शब्द दिसला की माझे कान टवकारतात हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तर हा चहा मला केवढ्याला पडला ते आधी मांडतो. कारखान्याचा एक पूर्ण दिवस. एक कोरा पांढरा सदरा, कडक खळीचा. पत्र्याच्या झाकणांच्या धंद्यात एकतीस वर्षं घासून कमावलेलं नाव, तेही पाऊण तासात. तुझ्या भावजयीनं धरलेला अबोला, तीन दिवसांचा (हा फायद्यात धरला तरी चालेल). आणि धाकटा. आज नववा दिवस, धाकटा माझ्याशी बोलत नाही. तोंडानं तो जन्मात कधी बोलला नाही, ती गोष्ट वेगळी. आता हातांनीही बोलत नाही. चहा पातळ होता.

तू चार वर्षांत इकडे फिरकली नाहीस, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. अपंगांशी दुजाभाव करणाऱ्यांना चाप लावणारा नवा कायदा येतोय म्हणे. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे. तो पक्का करण्याआधी सरकारला लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं, म्हणून ही सभा. सोबत दुसराही एक प्रश्न होता. इथं एक मदत केंद्र आहे. दोन खोल्या, दोन बाया आणि कायम कागद अडकणारं एक झेरॉक्सचं यंत्र. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याची तक्रार लिहून द्यायची, तो बिचकत असेल तर त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. हे केंद्र चालू ठेवावं की बंद करावं, हेही त्याच सभेत विचारणार होते. मी ताबडतोब फोन केला आणि सांगितलं की मी साधा लहान उद्योजक असलो तरी एका ठार बहिऱ्या माणसाला एकतीस वर्षं कामावर ठेवलेलं आहे. (तो माझा सख्खा भाऊ, हे सांगायचं राहून गेलं.) पलीकडची बाई एवढी हरखली की तिनं माझं नाव ‘आदर्श मालक’ या यादीत घातलं. यादीत दुसरं कोणी नव्हतं, हे नंतर कळलं.

मग मी भाषण लिहून काढलं. त्यात एक वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं: ‘ज्याला घर आहे त्याला केंद्र कशाला?’ आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तुझी भावजय शेजारी सदऱ्याला खळ करत होती. (सदरा धाकट्यासाठी. खळ इतकी कडक की सदरा हँगरशिवाय उभा राहिला असता.) ती म्हणाली, “त्याला नटवून कुठं नेताय, दाखवायला?” मी म्हटलं, “दाखवायला नाही गं, सभेत बोलायला.” ती म्हणाली, “बोलणार कोण?” बायकांना असे प्रश्न कुठून सुचतात कोण जाणे.

धाकट्याला मी आपल्या घरच्या खुणांत सांगितलं: नवा सदरा, गाडी, बसायचं, फोटो. त्यानं भुवया उचलून हात उताणा केला, म्हणजे ‘कशाला?’ मी हसलो. एकतीस वर्षं हेच चालत आलंय, अक्का. त्यानं ‘कशाला’ विचारायचं आणि मी हसायचं. हसण्याचं भाषांतर करावं लागत नाही.

सभागृह तळमजल्यावर होतं आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी उतारही बांधलेला होता. फक्त तो आदल्या दिवशीच बांधला होता, सिमेंट ओलं होतं, म्हणून त्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावून खुर्चीवाल्यांना चौघे चौघे धरून बाजूच्या पायऱ्यांवरून नेत होते. उतारावर एकट्या, सभा घ्यायला आलेल्या मोठ्या साहेबांच्या बुटांचे ठसे उमटले होते. साहेब माणूस भला. फक्त वेळेच्या बाबतीत कडक, म्हणून त्यांनी समोर घंटी ठेवली होती. वरून तळहात मारला की टिंग वाजते ना, तसली. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग टिंग. सभेत शंभरेक माणसं, त्यांतली तीस तरी ठार बहिरी. ती आपली हातांनी बोलतच राहायची आणि साहेब वाजवतच राहायचे. अर्ध्या तासात साहेबांचा तळहात लाल झाला आणि त्यांनी वाजवणं सोडून दिलं. कुणीतरी सुचवलं की दिवा तरी लावा-विझवा. साहेब म्हणाले, सूचना उत्तम आहे, चिठ्ठीवर लिहून द्या.

चिठ्ठ्या ही त्या सभेची खरी मालकीण. भाषणं वगैरे काही नव्हतीच. (माझं भाषण अजून खिशात आहे, पाहिजे तर पाठवतो.) आठ-आठ जणांना टेबलावर बसवलं, दर टेबलाला एक बाई आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तुम्ही तुमचं दुःख सांगायचं, बाईनं ते दोन शब्दांत चिठ्ठीवर उतरवायचं आणि भिंतीवरच्या चार फळ्यांपैकी एकावर नेऊन चिकटवायचं. फळे असे: सुविधा, सवलती, जागृती, इतर. शेवटी ज्या फळ्यावर चिठ्ठ्या जास्त, तो विषय कायद्यात आधी. मला पद्धत आवडली. मीही झाकणं अशीच निवडतो, मापाप्रमाणे चार खोकी.

आमच्या टेबलावर एक शाळेतल्या बाई होत्या, चाकाच्या खुर्चीत, जिभेला धार. मला विचारलं, “तुम्ही कुणाबरोबर आलात?” मी म्हटलं, “मी मालक.” म्हणाल्या, “कुणाचे?” त्यांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, टेलिफोन ऑफिसातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांचं बोलणं एकमेकांना जोडून देण्यात गेलेली. मी खुर्चीत बसलो तर त्या आवाजावरून त्यांनी माझं वजन सांगितलं, आणि चूक फक्त दोन किलोंची, तीही माझ्या बाजूनं. कानांच्या बाबतीत मला कुणी हरवलेलं नाही असं मी समजत होतो, तेव्हा त्यांच्याशी माझं लगेच जमलं. माणसाची पारख तेवढी मी त्या वेळी चुकलो.

बाईंनी आपलं सांगितलं. अकरा वर्षं त्यांना दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग दिला होता. शिपाई उचलून नेत, कधी विसरत. एकदा त्या शाळा सुटल्यावर पावणेदोन तास वरच राहिल्या. तक्रार केली तर वर्ग काढून घेतला आणि ग्रंथालय दिलं. ग्रंथालय म्हणजे एक कपाट. चिठ्ठीवाल्या बाईनं मान हलवून लिहिलं, ‘सुविधा’. मग ऑपरेटरकाका. बँकेत त्यांची सही साक्षीदाराशिवाय चालेना, म्हणून मुलाला नेलं. मुलानं कुठं कुठं सह्या घ्यायच्या ते बोट धरून दाखवलं आणि शेवटी राहतं घर मुलाच्या नावावर झालं. चिठ्ठीवाल्या बाईनं लिहिलं, ‘जागृती’. काका म्हणाले, “घर गेलं ते जागृतीत बसतं का हो?” ती म्हणाली, “तात्पुरतं बसवूया ना, काका.”

मी हे ऐकत होतो, पण धाकटा कशाकडे बघत होता ते माझ्या उशिरा लक्षात आलं. पलीकडच्या दोन टेबलांवर सगळे बहिरे होते आणि सगळे एकाच वेळी हातांनी बोलत होते. भराभर, मोठमोठ्यानं (त्यांचंही मोठ्यानं असतं, अक्का, हात खांद्याच्या वर जातात), एकमेकांना तोडून, खिदळत. त्रेपन्न वर्षांचा झाला धाकटा, त्यानं जन्मात एवढे हात बोलताना पाहिले नव्हते. त्याच्या आयुष्यात बोलणारे हात म्हणजे आईचे, तुझे आणि माझे. आई गेली, तू सासरी गेलीस, उरलो मी. तो तोंड उघडं टाकून बघत होता. मधूनच हसायचा. एक बाई तिकडून त्याला काही विचारून गेली, त्याला कळलं नाही, तरी तो हसला. मला बरं वाटलं. फोटो चांगला येईल असं वाटलं.

मग त्याची पाळी आली. चिठ्ठीवाली बाई मला म्हणाली, “यांना विचारा, यांची अडचण काय?” मी त्याला खूण केली, ‘काही हवंय?’ माझी अपेक्षा, चहा म्हणेल. तो उठून उभा राहिला.

अक्का, आता जे लिहितो ते फक्त तुला. त्याचे हात वाचता येणारं माणूस जगात तूच उरलीस.

त्यानं आधी माझी खूण केली. तीच, मूठ तळहातावर दोनदा, पत्रा ठोकतात तशी. मग प्रेस, ज्यावर तो झाकणं काढतो ती. मग पाठीकडे बोट, की माणसं मागं असतात. मग दिवा: मूठ उघडायची-मिटायची, उघडायची-मिटायची, डोळ्यांसमोर. हे त्यानं मला पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पत्र्यावर खडूनं चित्रही काढून दिलं होतं, की प्रेससमोर एक लाल दिवा लाव आणि त्याचं बटण मागच्या माणसाकडे दे. काही बिघडलं तर इतरांना ओरडून सांगता येतं, मला येत नाही. दिवा मी आणला होता. देवाशपथ आणला होता. पण प्रेसपर्यंत वायर पुरेना, म्हणून तो माझ्या केबिनच्या दारावर लागला. आत माणूस असला की लाल. (लोक दारातूनच परत जायला लागले, खूप सोय झाली.) प्रेसचं पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. पुढचा महिना चोवीस वेळा आला. आणि एके दिवशी पेडल अडकलं, मागून सगळे ओरडले, अख्खा कारखाना ओरडला, मी केबिनमधून ऐकलं. त्यानं नाही ऐकलं. उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या पलीकडचं. तुला फोनवर मी सांगितलं होतं की त्याचंच लक्ष नव्हतं. दवाखान्यातही तेच सांगितलं, विम्याच्या माणसालाही तेच. कागदावर लिहिलंय ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’, खाली त्याचा अंगठा. अंगठा शाबूत होता.

सभेत त्यानं हेही सांगितलं. दवाखान्यात हा (मूठ तळहातावर) बोलत होता, डॉक्टर लिहीत होता. काय बोलला ते मला कुणी सांगितलं नाही. मग वर्षं सांगायला लागला. दोन बोटं गेल्यापासून त्याचे दहा आठवरच संपतात, त्यामुळे एकतीस दाखवताना त्याचा घोळ झाला. तो थांबला, हात झटकले, पहिल्यापासून मोजायला लागला. पुन्हा घोळ. पुन्हा पहिल्यापासून. मी खाली बघत होतो. शेवटी त्यानं एक बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि हात उताणा केला. ‘मी का?’ किंवा ‘मी कशाला?’ आपल्या खुणांत दोन्ही एकच.

एवढं झाल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला, की आता सांग. चिठ्ठीवाली बाई पेन सरसावून माझ्याकडे बघायला लागली. मी काय करायला हवं होतं? माझ्याच तोंडानं माझीच उलटतपासणी? तीही ‘आदर्श मालक’ असा बिल्ला छातीवर लावून? मी घसा खाकरला आणि म्हटलं, “तो म्हणतो, समाजात जागृती व्हायला हवी.”

बाई खूश. पिवळी चिठ्ठी, जागृती, फळ्यावर. त्या टेबलावरची ती चौथी जागृती. धाकट्यानं चिठ्ठी भिंतीवर जाताना बघितली आणि त्याचा चेहरा असा उजळला, अक्का, की मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला डोळे नसते तर बरं, असं मनात म्हटलं. त्याला वाटलं, आपलं म्हणणं भिंतीवर लागलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन बोटांचा.

सगळं तिथंच मिटलं असतं. पण ऑपरेटरकाका पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, “शेठ, एक विचारू? तुमच्या भावाच्या बाहीची सळसळ मी ऐकत होतो. कडक खळ आहे, छान वाजते. ती चांगली पाच मिनिटं चालली. आणि तुमच्या तोंडून निघाले चार शब्द. बाकीचे कुठं सांडले?”

मी हसलो. काकांना हसणं दिसत नाही, हे विसरलो. मी म्हटलं, त्याची भाषा पसरट आहे, एका शब्दाला फार हात हलवावे लागतात. काका म्हणाले, “चाळीस वर्षं लाईनवर बसलोय. माणूस मधलं गाळून सांगतो तेव्हा आधी घसा खाकरतो.” शाळेतल्या बाई म्हणाल्या, “पुन्हा विचारा त्याला.” मी म्हटलं, वेळ संपली. त्या म्हणाल्या, “घंटी कुठं वाजलीय?”

तेवढ्यात मदत केंद्रातली एक बाई आली, सडपातळ, चष्मा दोऱ्याला बांधलेला, आणि तिच्यामागे हातांची भाषा शिकलेली एक दुभाषी. दुभाषीनं धाकट्याला काही विचारलं. झरझर हात, सुंदर अगदी. धाकटा नुसता बघत राहिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हे शाळेत गेलेच नाहीत का?” (आता तिला काय सांगू, मोठ्या मुलांनाही घेणारी बहिऱ्यांची शाळा निघाली त्याच वर्षी मी दुकान टाकलं होतं आणि पत्रा धरायला कुणीतरी हवं होतं?) मी म्हटलं, आमची घरचीच भाषा आहे. ती म्हणाली, “अजून कुणाला येते?” आणि इथं माझी छाती उगाच फुगली. मी भर सभेत ठणकावून सांगितलं की बाई, ही भाषा अख्ख्या जगात दोघांनाच वाचता येते, माझ्या थोरल्या बहिणीला आणि मला, आणि बहिणीपेक्षा मला जास्त. अर्ध्या खुणा मीच पाडलेल्या आहेत, त्यानं नुसतं मनगट हलवलं तरी मला कळतं, त्याची एक खूण अशी नाही की जी मला ठाऊक नाही. दोन टेबलांना ऐकू गेलं. चष्मेवाल्या बाईनं दोऱ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून सगळं लिहून घेतलं, ‘थोरली बहीण’ यासकट.

धाकटा सगळ्यांची तोंडं बघत होता. त्याला ऐकू येत नसलं तरी कुणाचं तोंड कधी पडतं ते त्याला कळतं. त्यानं भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सरळ चालत पुढं गेला, साहेबांच्या टेबलावरची ती घंटी उचलली, आणून आमच्या टेबलाच्या मधोमध ठेवली. डाव्या हाताचा तळवा उचलून त्यानं घंटीवर मारला. टिंग. उजव्या हातानं पत्रा सरकवल्यासारखं केलं. टिंग. पत्रा सरकवला. टिंग. प्रेस, अक्का. हुबेहूब प्रेस, तीच लय, दर चार सेकंदांना एक झाकण. ती घंटी वाजतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं, आंधळेसुद्धा. मग त्यानं उजवा हात तिथं मधेच ठेवला, मान वळवून मागे बघितलं, तोंडं उघडणारी माणसं करून दाखवली, आणि डावा तळवा खाडकन खाली आणला. टिंग. हात वर करून त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवला. मग मूठ तळहातावर दोनदा आणि बोट माझ्याकडे.

भाषांतर कुणी मागितलं नाही.

साहेब उठून आले, घंटीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “ही घेऊ का मी परत?” दुसरं त्यांना काय सुचणार? आमच्या टेबलावरच्या चिठ्ठीवाल्या बाईनं जागृतीच्या फळ्यावरून ती चिठ्ठी काढली आणि ‘इतर’वर लावली. चहा त्यानंतर आला. मी सांगितलंच, पातळ होता. बिल्ला मी स्वतःच काढून खिशात टाकला, टाचणी बोटाला लागली. कुणी विचारलं नाही म्हणून इथं लिहितो.

धाकटा माझ्या गाडीतून परत आला नाही. बहिऱ्यांच्या त्या टेबलावरच्या लोकांबरोबर गेला. केंद्राच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. तिथं ते मोठ्या माणसांनाही हातांची भाषा शिकवतात. तिथंच राहतोय, तिथंच शिकतोय. कपडे न्यायला आला होता तेव्हा तुझ्या भावजयीनं त्याला जेवायला वाढलं. मी समोर बसलो होतो. मी खूण केली, ‘भाजी हवी?’ तो ताटात बघत राहिला. बहिऱ्या माणसाला गप्प बसवणं सोपं असतं असं मला आजवर वाटायचं. बहिरा माणूस आपण होऊन गप्प बसला तर समोरच्यानं काय करायचं, ते कुणी शिकवत नाही. डोळे मिटले की झालं त्याचं. मी केवढाही ओरडलो तरी दार बंद.

कारखान्यात प्रेसवर दुसरा माणूस ठेवलाय. ऐकू येणारा. तो दर तासाला बाहेर जातो, म्हणतो या आवाजात डोकं फुटतं. धाकट्याला मी तिथं एकतीस वर्षं बसवलं ते याच कारणानं की त्याला आवाजाचा त्रास नाही. आवाजाचा नव्हता, हे खरं.

असो. फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल. धाकट्याची आठवण काढलीस तर माझीही काढ, चांगली नसली तरी चालेल.

तुझा,
मधला

ता. क. खरं म्हणजे हेच आधी लिहायचं होतं. मदत केंद्राकडून तुला एक पत्र येईल, कदाचित आलंही असेल. धाकट्याचा जबाब नोंदवायचाय, प्रेसचा आणि दवाखान्यातल्या त्या कागदाचा. नवी भाषा त्याला पुरती यायला वर्ष जाईल आणि तक्रारीची मुदत या महिन्याअखेर संपते. दुभाषी म्हणून मी चालत नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते तुला बोलावतील, येण्याजाण्याचा खर्च देतील. अक्का, तुझे गुडघे दुखतात. एवढा प्रवास तुला झेपायचा नाही. आणि चाळीस वर्षांत खुणा कुणाच्या लक्षात राहतात? तू दोन ओळी लिहून पाठव की आता आठवत नाही. खोटं नाही, वय झालंय. मुदत टळली की सगळं शांत होईल, मग मी त्याला घरी घेऊन येईन. कारखान्यात चाळीस माणसं आहेत, त्यांचाही विचार कर.

ता. क. २. वरचं तुझ्या भावजयीनं वाचलं. ती म्हणते, पाकीट मी बंद करते, आणि आत तिनं तुझ्यासाठी काही लिहून घातलंय, ते मला दाखवत नाही. तिकिटाची चौकशी करत होती, तुझ्या. काल मी प्रेससमोर दिवा लावून घेतला. वायर साडेतीन मीटर लागली, इलेक्ट्रिशियनला वीस मिनिटं.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी एवढं. आज सकाळी कारखान्याच्या फाटकासमोरून धाकटा त्या लोकांबरोबर चालला होता. मला बघून थांबला. नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून त्यानं हात उचलले, छातीपाशी दोन्ही आणले, एक फिरवला, एक उघडला. मी बघतच राहिलो म्हणून त्यानं तीच खूण सावकाश पुन्हा एकदा केली, आणि मग गेला.

मला ती कळली नाही.